छातीवर कंदील, पाठीवर म्हैस

पुण्याहून आलेल्या त्या पाहुण्यानं माझं बनियन देवाचं वस्त्र घ्यावं तसं दोन्ही हातांवर घेतलं, आधी पुढून न्याहाळलं, मग उलटं केलं आणि मला विचारलं, "आजोबा, ही म्हैस काढता येईल का हो?" मी त्याला सांगितलं, म्हैस काढायची असेल तर माझ्या पाठीपासून सुरुवात कर, कारण तो रंग बनियनातून पाठीत उतरला होता आणि माझ्या हळदीला बायकांनी तो राखेनं घासून बघितला होता. पाहुणा हसला. मी विनोद केला नव्हता.

पाहुण्याचं नाव ओंकार. कॉम्प्युटरची नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी जुन्या सायकल शर्यतींच्या वस्तू शोधत गावं पालथी घालतो. बनियनं, टोप्या, कप, बाटल्या, पत्र्याच्या पाट्या, काहीही चालतं त्याला. कुणीतरी त्याला सांगितलं, काष्टीच्या अलीकडं वस्तीवर एक म्हातारा आहे, त्याच्या ट्रंकेत चहा कंपनीचं बनियन आहे. बसल्या बसल्या त्यानं मला सगळा इतिहास सांगितला. परदेशात म्हणे आधी सायकलीचे कारखानेच शर्यतवाल्यांना बनियन द्यायचे. मग त्यांचा धंदा बसला आणि कॉफीवाले, सरबतवाले, दारूवाले पुढं आले. ज्याचं पेय त्याचं नाव छातीवर. ही अक्कल त्यांना सुचली म्हणून तो फार कौतुकानं बोलत होता. मी म्हटलं, बाबा, ही अक्कल आमच्या आखाड्यात कधीपासून आहे.

यात्रेच्या कुस्त्यांत पैलवान उतरला की पुकारणारा त्याचं नाव सांगायचा, गाव सांगायचा आणि मग हलगी थांबवून, आवाज चढवून म्हणायचा, "खुराक अमक्याचा!" ज्यानं त्याला वर्षभर दूध पुरवलं त्याचं नाव. तो माणूस गर्दीत फेटा सारखा करत, आपल्याला काही ऐकूच आलं नाही असं तोंड करून उभा राहायचा. माझे वडील, तात्या, दरसाल एका पैलवानाला दूध घालायचे ते ह्या एका हाकेसाठी. पैलवान जिंकला तर दूध जिंकलं. हरला तर तात्या म्हणायचे, दूध बेस हुतं, डाव कच्चा हुता. पुढं पुढं यात्रेत सोडा फॅक्टरीवाला आला, कोल्ड्रिंकवाला आला, एका साली दारूच्या ठेकेदारानं चांदीची गदा ठेवली. आता माझा नातू नगरला पळायच्या शर्यतीला जातो तर अंगावर सहा कंपन्यांची नावं आणि हातात निळ्या पाण्याची बाटली. निळं पाणी आम्ही गुरांचे खूर पिकले की लावायचो, मोरचुदाचं. पीत नव्हतो.

माझी शाळा चौथीत सुटली. हे लिहिलेलं नातसून नीट करून देते. तिला सांगून ठेवलंय, वेलांट्या तुझ्या, गोष्ट माझी.

आमचं घर म्हणजे गोठा, आणि गोठ्याला लागून माणसांसाठी दोन खोल्या. पहाटे मला जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या चरवीत पहिली धार टणटण वाजायची, मग फेस धरला की आवाज जाड होत जायचा, आणि चरवी भरत आली की नुसती घुसमट. मी अंथरुणात पडून, कोणती म्हैस किती देतेय ते आवाजावरून ओळखायचो. जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी आणि गुळाचा खडा. म्हैस व्याली की खरवस, इतका की शेजारचे नको म्हणायचे. आणि ह्या सगळ्यात चहा नाही. तात्यांना चहाचा राग म्हणजे सवतीचा राग. चांगलं दूध घ्यायचं आणि त्याला ओढ्याच्या गढूळ पाण्याचा रंग आणायचा, ह्याला ते दुधाचा खून म्हणायचे. आमच्या घरचं पोर कळतं झालं की तात्या त्याला चंद्रीच्या पाठीवर हात ठेवायला लावून शपथ घ्यायचे, चहा पिणार न्हाई. चंद्री म्हणजे आमची थोरली म्हैस. तिला एकच शिंग होतं. दुसरं तिनं एस.टी.ला धडक देताना घालवलं होतं, पण एस.टी.लाही पोचा पडला होता, म्हणून तात्या ती लढाई बरोबरीत सुटली असं सांगायचे.

माझी आई गरीब स्वभावाची. दुपारी गुरं पाण्यावर गेली की शेजारची पारूकाकू पदराखाली काहीतरी घेऊन यायची आणि दोघी गोठ्यामागं बसायच्या. तिथून धूर निघायचा. तात्यांनी विचारलं की आई म्हणायची, डासांसाठी केलाय. भर उन्हाळ्यात, डोक्यावर सूर्य असताना आमच्याकडं डास कुठून आले हे तात्यांनी कधी विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही.

माझं काम रतीब घालायचं. काष्टीहून श्रीगोंद्याला बबनच्या हॉटेलवर रोज सकाळी दोन कॅन. काळी घोडा सायकल, मागं लोखंडी आकडे, दोन्ही बाजूंना कॅन. ह्या ओझ्यानं माझ्या मांड्या अशा झाल्या होत्या की शिंपी लेंग्याला जादा कापड मागायचा.

एका बाजाराच्या दिवशी कंदील छाप चहाची गाडी आली. गाडीवर भोंगा, मागं पातेलं, आणि गाडीत सप्रे नावाचे एक चष्मेवाले साहेब. त्यांनी भोंग्यावरून सांगितलं की पुढच्या बाजाराला कंपनीतर्फे सायकलींची शर्यत होणार, काष्टी ते श्रीगोंदा आणि परत. पहिल्याला चांदीच्या मुलाम्याचा कप आणि पेटीभर चहा. नाव देईल त्याला बनियन फुकट. मी नाव दिलं ते बनियनासाठी. पांढरंशुभ्र, नवंकोरं, आणि छातीवर लाल कंदील छापलेला. घरी आलो, घालून दाखवलं. तात्यांनी हातातली चरवी खाली ठेवली.

"हा कुणाचा कंदील?"

मी सांगितलं चहा कंपनीचा.

"त्यांनी तुला काय चारलं?"

मी म्हटलं काही नाही.

"मंग नाव त्यांचं कसं? खुराक कुनाचा?"

मला वाटलं आता बनियन चुलीत जाणार. पण तात्या कुठलीच वस्तू फुकट घालवायचे नाहीत. रात्रभर विचार करून सकाळी ते मला घेऊन बाजारतळावर शंकर पेंटरकडं गेले. शंकर बैलांची शिंगं आणि गाड्यांच्या पाट्या रंगवायचा. त्याला सांगितलं, पाठीवर म्हैस काढ आणि खाली लिही, खुराक चंद्रीचा. शंकरनं हौसेनं दोन शिंगांची म्हैस काढली. तात्या म्हणाले ही कुणाची म्हैस हाय, आपली न्हाई. एक शिंग पुसायला लावलं. पुसताना रंग पसरला, म्हणून सगळी म्हैस पुन्हा काढली, पहिलीच्या वर. गाडीचा तेलाचा रंग, दोन थर. बनियन वाळल्यावर जमिनीवर उभं केलं तर उभं राहायचं. मी तात्यांना म्हटलं, पाठीवर कोण बघणार? तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलो नाही. म्हणाले, "येड्या, शर्यतीत जो पुढं असतो त्याची पाठच दिसती. छाती दाखवत येतात ते मागचे."

म्हणजे आता जिंकणं भाग होतं. हरलो असतो तर गावाला नुसता कंदील दिसला असता, आणि तात्यांना गावात तोंड काढता आलं नसतं.

शर्यतीच्या सकाळी आणखी एक गोष्ट झाली. मी कॅनचे आकडे सोडायला बसलो तर तात्यांनी भरलेले दोन कॅन आणून ठेवले. म्हणाले, श्रीगोंद्यालाच चाललास ना, रिकामा कशाला जातोस, बबनचा रतीब टाकून ये. मी म्हटलं, तात्या, शर्यत हाय. ते म्हणाले, शर्यत आज हाय, बबन रोज हाय. मी आकडे पुन्हा आवळले. आणि खरं सांगायचं तर मला रिकामी सायकल चालवता येत नव्हती. ओझ्याची सवय झाली होती. कॅन नसले की सायकल वाऱ्यावर गेल्यासारखी हातात राहायची नाही.

बाजारतळावर दहा-बारा जण होते. त्यात दौंडचा एक होता, खरा शर्यतवाला, वाकड्या हँडलची सायकल, पायात बूट, मनगटाला पट्टा. आम्ही त्याला दौंडकर म्हणू लागलो. त्यानं माझे कॅन बघून विचारलं, शर्यतीला आलास का बाजाराला. मी म्हटलं दोन्हीला. सप्रे साहेबांनी भोंग्यावर नियम सांगितला. श्रीगोंद्याला बबनच्या हॉटेलसमोर कंपनीचं टेबल आहे. तिथं प्रत्येकानं थांबून कंदील छाप चहाचा भरलेला कप प्यायचा, फोटोग्राफर फोटो काढील आणि मनगटावर कंदिलाचा शिक्का मारील. शिक्का नाही त्याला बक्षीस नाही. तात्या तिथंच उभे होते, नवा फेटा बांधून, शेजारी भाड्यानं आणलेला हलगीवाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. नुसता चंद्रीच्या दिशेनं, म्हणजे आमच्या वस्तीच्या दिशेनं, एकदा हात केला.

शर्यत सुटली आणि सगळे दिसेनासे झाले. मी आणि दूध मागं. दूध घेऊन पळवत गेलं तर लोणी येतं, म्हणून मी बेताबेतानंच गेलो. वाटंनं ओळखीची माणसं भेटत होती. शेतातून हाका मारायची, शर्यत कवाच गेली म्हणून सांगायची. मी त्यांना हात करत होतो. डोक्यात एकच. चहा प्यायचा तर शपथ मोडते, न प्यावा तर कप जातो. पाठीवर तेलाचा रंग तापला होता, म्हैस मला चिकटली होती आणि दर पायडलला कातडी ओढत होती.

श्रीगोंद्यात पोचलो तर काय, सगळी शर्यत बबनच्या बाकड्यांवर बसलेली. कुणी तंबाखू मळतोय, कुणी आडवा झालाय. दौंडकर बूट काढून पाय चोळतोय. बबन रस्त्याच्या मधोमध कपाळावर हात धरून उभा. मला बघितल्याबरोबर ओरडला, "जाल्या, कुठं मेला हुतास? दुदाबिगर चहा कसा करू?"

कंपनीनं चहा पाठवला होता, साखर पाठवली होती, कंदिलाचे कप पाठवले होते. दूध बबनवर सोडलं होतं. आणि बबनचं दूध माझ्या सायकलवर. सगळ्यात पुढं जे पळाले ते सगळ्यात आधी येऊन माझी वाट बघत बसले होते.

लोक म्हणतात मी तेव्हा डोकं चालवलं. मी डोकं चालवलं नाही, मी हट्ट केला. कॅनवर हात ठेवून उभा राहिलो आणि फोटोग्राफरला म्हणालो, मी चहा पीत न्हाई, आधी माझं ठरवा, मग दूध. फोटोग्राफर रडकुंडीला आला. ऊन चढत होतं, त्याला फोटो पाहिजे होता. तो म्हणाला नियम म्हणजे नियम. मी म्हटलं शपथ म्हणजे शपथ, आणि आकडे परत अडकवायला लागलो. बाकड्यावरून शिव्या सुरू झाल्या, मला नाही, फोटोग्राफरला. शेवटी बबननं तोड काढली. मोठा पेला भरून माझंच दूध घ्यायचं आणि त्यात कंपनीच्या उकळत्या चहाचा एक चमचा टाकायचा, रंगापुरता. फोटोग्राफरनं चमचा पडताना स्वतः बघितला. मी विचार केला, हे दूधच आहे, वरून काही पडलं तर त्याला मी काय करू. एका दमात पेला रिकामा केला आणि मनगट पुढं केलं.

तोवर बबननं चहा उकळून बाकीच्यांचे कप भरले. आता आमच्या बाजूला चहा कोण कपातून पितो? बशीत ओतायचा, फुंकायचा, सुर्र करायचा. पण फोटोग्राफर म्हणाला, बशी नाही, कंदील कपावर आहे. सगळ्यांची तोंडं पोळली. दौंडकर कप ह्या हातातून त्या हातात नाचवत होता. मी कॅन बबनच्या ओट्यावर ठेवले आणि निघालो.

आता मी पहिला होतो, पण सायकल रिकामी होती. ती अशी नागमोडी चालली की रस्त्याकडेच्या ह्या चारीकडून त्या चारीकडं. थोड्या वेळानं दौंडकर मागं आलाच. उजवीकडून काढायला बघायचा तर मी उजवीकडं, डावीकडून बघायचा तर मी डावीकडं. त्याच्या तोंडातून काय काय निघत होतं ते इथं लिहिता येणार नाही, नातसून वाचते. तो पुढं गावभर सांगायचा की ती एका शिंगाची म्हैस आपल्या डोळ्यांपुढं डुलत होती, झोपेत सुद्धा दिसते. लोक म्हणाले मी मुद्दाम आडवा येत होतो. मी त्यांना कधी नाही म्हटलं नाही.

बाजारतळावर आधी मी शिरलो. हलगी कडाडली. तात्यांनी जिंकलेल्या पैलवानाला उचलतात तसं मला खांद्यावर घेतलं, लोकांकडं माझी पाठ केली आणि पुकारणाऱ्याच्या सुरात ओरडले, "खुराक चंद्रीचा!" सप्रे साहेब पळत पुढं आले, त्यांना कंदील बघायचा होता. साहेब पुढून आले की तात्या वळायचे. पुन्हा म्हैस. अशा दोन गिरक्या झाल्या. तेवढ्यात दौंडकर आला आणि त्यानं तक्रार केली. रस्ता अडवला ह्यावर साहेब काही बोलले नाहीत. पण तो म्हणाला, ह्यानं चहा प्यालाच न्हाई, दूध प्याला, तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला तात्यांच्या खांद्यावरून खाली घेतलं. आजूबाजूला सगळा बाजार.

"जालिंदर," ते म्हणाले, "मला एकच सांग. चहा प्यायलास की नाही?"

समोर साहेब, शेजारी तात्या. हो म्हटलं तर तात्या गेले, नाही म्हटलं तर कप गेला, आणि कप गेला की म्हैस हरली, म्हणजे परत तात्याच गेले. मी जमिनीकडं बघत उभा राहिलो.

बाजारात तूप विकायला आई बसली होती. ती कधी उठून आली ते कळलं नाही. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "प्याला असंल, सायेब. माज्याच पोटचा हाय. मी बी पिते."

हलगी थांबली. तात्या वळले. "काय पितीस?"

"चहा. गोठ्यामागं. पारू आन् मी."

"आन् दूध कुठलं घेतीस?"

"दूध कुठलं घीन? तुमी थेंब न् थेंब मोजता. कोरा पिते."

तात्यांचं तोंड उघडं राहिलं. गर्दीत सगळे त्यांचे गिऱ्हाईक, त्यांनी दूध घातलेले पैलवान, सोयरे. मला वाटलं आता माझ्या आईचं काही खरं नाही. पण तात्या हळूच म्हणाले, "कोरा?" मग जरा मोठ्यानं, "कोरा? दारात म्हशींची दावण, आन् माझी बायकू कोरा चहा पिती? गाव काय म्हनंल?" त्यांना शपथ आठवलीच नाही. चहाचं पाप त्यांनी गिळलं असतं, पण दुधाची ही बेअब्रू त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. ते साहेबांकडं वळले आणि म्हणाले, "सायेब, पोरगा चहा प्याला. चमचाभर का हुईना, प्याला. शिक्का हाय हातावर. आता त्या पेटीत चहा किती हाय ते सांगा, घरात लागतो."

साहेब शहाणे होते. चहाला एवढा उघड मान त्या बाजारात कधी मिळाला नसता. त्यांनी कप दिला, पेटी दिली, आणि श्रीगोंद्याहून मागाहून पोचलेल्या फोटोग्राफरनं फोटो काढला तो असा की मी पाठमोरा, आणि तोंड वळवून खांद्यावरून बघतोय. कंपनीनं तो कधी छापला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तात्या स्वतः आईचा चहा बघायचे. कपात आधी दूध, काठोकाठ, मग चहाचा थेंब. पांढरा झाला की नाही ते उजेडात धरून बघायचे आणि मग द्यायचे. स्वतः कधी प्यायले नाहीत. तो चांदीच्या मुलाम्याचा कपच तिनं शेवटपर्यंत चहाला वापरला. खूप वर्षांनी, तात्या गेल्यावर, ती मला म्हणाली, "जाल्या, मला बाबा तो दुधाचा चहा कधी आवडलाच न्हाई. पर त्यांना सांगायचं कसं?" तेव्हा मला आठवलं, शर्यतीनंतरसुद्धा भर उन्हाळ्यात अधूनमधून गोठ्यामागं डासांचा धूर निघायचाच.

हे सगळं मी ओंकारला सांगितलं. मध्येच नातसुनेनं त्याला चहा विचारला, तर तो म्हणाला, मला कोरा चालेल, दूध पचत नाही. नातसुनेनं माझ्याकडं बघितलं. मी त्याला म्हटलं, बाबा, ह्या घरात पाहुण्याला कोरा देत नाहीत. पाहिजेच असेल तर त्याला एक जागा आहे. तो पोरगा समजूतदार निघाला. कप घेऊन गोठ्यामागं गेला, दगडावर बसला, सावकाश प्याला. शेणाचा वास, माश्या, सगळं सोसलं. परत आला आणि बनियन बाजेवर ठेवलं, म्हैस वर करून. तेव्हा मी ते त्याला देऊन टाकलं. नातसून म्हणाली, आजोबा, विकत मागत होता की. मी म्हटलं, म्हैस विकायची असते, चंद्री नाही.

मागच्या आठवड्यात त्यानं मोबाईलवर भिंतीचा फोटो पाठवला. काचेमागं ओळीनं परदेशची बनियनं टांगलेली, कॉफीवाल्यांची, दारूवाल्यांची, सगळ्यांच्या छात्या पुढं. मधोमध माझं. कंदील धुऊन धुऊन कधीच फिका पडला होता, तसाही दिसला नसता. एका शिंगाची चंद्री तेवढी कालच रंगवल्यासारखी काळीभोर. त्यानं खाली विचारलं होतं, बरोबर टांगलंय ना? मी नातसुनेला सांगितलं, लिही, बरोबर आहे. पुढं असतो त्याची पाठच दिसती.